उभं कोण होतं

कोसमटोला, ता. नागभीड
९ जानेवारी २०२४

प्रफुल, जयभीम.

तुझं पत्र परवाच्या थैलीत आलं. गावाचं टपाल मीच सांभाळते, थैली मीच उघडते. त्यातून स्वतःच्या नावाचं पाकीट निघालं की क्षणभर दुसऱ्याचं पत्र हातात घेतल्यासारखं वाटतं. फोनवर बोलू, असं तू लिहिलं आहेस. रेंज आता पाण्याच्या टाकीजवळ येते. पण अश्वजितबद्दल मला टाकीखाली उभं राहून बोलता येत नाही. पत्रच बरं.

आई ठीक आहे. येत्या सतरा एप्रिलला अश्वजितला जाऊन दोन वर्षं होतील. पहिल्या वर्षीच्या पुण्यानुमोदनाला तू आला नव्हतास, कामात असशील. यंदा जमलं तर ये. आई तुझी वाट पाहते. आपल्या पोराबरोबर तीन उन्हाळे जंगलात फिरलेला एवढा एकच माणूस उरला आहे, असं ती म्हणते.

तुझ्या कंपनीची माणसं येऊन गेली. तीन गाड्या होत्या. त्यांनी मोहाची झाडं पाहिली, फोटो काढले. एकाने विचारलं, "मॅडम, ये फूल कब गिरेगा?" मी मार्चअखेर म्हणाले. "उससे पहले नहीं हो सकता?" लहानूभाऊ शेजारीच होते. ते म्हणाले, "झाडाले विचारून सांगतो साहेब. त्याचा फोन लागून नाई राह्यला सध्या."

अश्वजितवर मोठा पिक्चर निघतो आहे, डायरेक्टरांनी त्याचा 'बत्तीस सकाळी' पाहिला आणि त्यांना तो आवडला, हे वाचून बरं वाटलं. पण एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. तो गेल्यावर तू तो पिक्चर पुरा करून आणलास आणि विहारात पांढऱ्या चादरीवर दाखवलास, तेव्हा अर्धं गाव मधेच उठून गेलं. लहानूभाऊ म्हणाले होते, "हे तं आमच्या घरचंच हाय. याच्यात पाह्याचं काय?" मोहफुलं वेचण्याचा तो अकरा मिनिटांचा भाग सुरू झाला आणि मलाही झोप लागली. सख्ख्या भावाच्या पिक्चरमध्ये मी झोपले. हे माझ्या मनातून जात नाही.

तेव्हा मोठा पिक्चर करा. लोक जागे तरी राहतील. फक्त त्याच्या पिक्चरमधलं काय काय घेणार आहात, ते कळव.

रिना

०

मुंबई
२ फेब्रुवारी २०२४

ताई, जयभीम.

झोपेचं मनाला लावून घेऊ नका. ज्या महोत्सवात आपल्याला आवाजासाठी बक्षीस मिळालं, तिथे दोन परीक्षकही झोपले होते. मी मागच्या रांगेतून पाहिलं.

इथे माझे जुने मित्र मला विकला गेलास म्हणतात. छोट्या पिक्चरवाले म्हणतात, मोठ्या पिक्चरमध्ये जीव नसतो. मोठे म्हणतात, छोट्यात पिक्चरच नसतो. मी दोन्हीकडे राबलो आहे. अश्वजितकडे एक माइक होता आणि तो माझ्या गळ्यात होता. इथे नुसत्या पावलांच्या आवाजाला एक माणूस आहे. तो वाळलेली पानं वेगळ्या पिशवीत घेऊन येतो. तुम्ही हसाल, पण त्याची पानं खऱ्या पानांपेक्षा चांगली वाजतात. 'बत्तीस सकाळी' सगळा मिळून काही शे लोकांनी पाहिला असेल. मी लिहिलेला हा पिक्चर हजारावर पडद्यांवर लागेल. अश्वजितचं नाव सुरुवातीला येईल, मोठ्या अक्षरांत.

वेचणीचा भाग घेतला आहे. तोच पिक्चरचा गाभा आहे. पहाट, चाळीस बायका एकदम वाकलेल्या, कॅमेरा जमिनीपासून वर झाडांच्या शेंड्यांपर्यंत जातो. एकच बदल आहे. आपल्या पिक्चरमध्ये झाडाला पाठ लावून जी बाई उभी असते, ती काढली. बाहेरचे लोक विचारायचे, ती देवी आहे का, ती काय प्रार्थना म्हणते आहे का. डायरेक्टरांचं म्हणणं, ती दिसली की नजर तिच्यावरच जाते. त्यांना नुसत्या वाकलेल्या पाठी हव्या आहेत.

चाळीस बायका गावातल्याच घ्यायच्या आहेत. चांगली रोजी देतील. तुम्ही सांगितलंत तर त्या येतील.

प्रफुल

०

कोसमटोला
१९ फेब्रुवारी २०२४

प्रफुल, जयभीम.

बायकांना सांगितलं. चाळीस हव्या होत्या, छप्पन्न तयार झाल्या. लहानूभाऊंची सून मोनाली तर आतापासून तोंडाला हळद लावून बसते. दोन वर्षांपूर्वी ती लग्न होऊन आली, तेव्हापासून तिला एवढी हसताना मी पाहिली नव्हती.

पण त्या बदलाबद्दल मला लिहायचं आहे. तुला हे सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण तुझ्या डायरेक्टरांना कोणी सांगितलेलं दिसत नाही.

मोह वेचणारी बाई दोन-अडीच तास खाली वाकलेली असते. वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही. म्हणून दर टोळीत एक उभी असते. ती वेचत नाही, बसत नाही, झाडाला पाठ देऊन चारी बाजूंना बघते. तिला आमच्यात काही नाव नाही. घरून निघताना "आज उभी कोण?" एवढंच विचारतात. ती थोड्या थोड्या वेळाने एकेकीचं नाव घेते आणि वाकलेली "हो" म्हणते. हो आलं नाही तर सगळ्या ताठ होतात. प्रार्थना म्हणजे ती नावं. परतताना प्रत्येक बाई आपल्या टोपल्यातली एक ओंजळ तिच्या टोपल्यात टाकते, कारण तिने काही वेचलेलं नसतं.

नजर तिच्यावर जाते, असं डायरेक्टर म्हणतात. तिच्यावर नजर जावी म्हणूनच ती उभी असते. वाघाचीसुद्धा.

रुखमाबाई तिच्या सासूनंतर पंचवीस वर्षं उभी राहते आहे. एवढ्या वर्षांत वेचणीत गावची एकही बाई गेली नाही. अश्वजित गेला, पण तेव्हा वेचणी नव्हती. बायका परतल्यावर तुम्ही दोघंच पुन्हा आत गेला होतात. वाघ मागून आला, काही करता आलं नाही, असं तू सांगितलंस. मी तेव्हा जास्त विचारलं नाही. आताही विचारत नाही.

दोन बायका उभ्या ठेवा, एवढंच मागते. चित्रात नको असतील तर चित्राच्या बाहेर ठेवा, पण वाकणाऱ्या बायकांना त्या दिसल्या पाहिजेत. रुखमाबाईला मी तुमचा बदल सांगितला. ती म्हणाली, "उभी नाई पायजे? मंग वाघालेबी सांगा म्हणा, त्या दिवशी तूबी सुट्टी घे."

रिना

०

मुंबई
६ मार्च २०२४

ताई, जयभीम.

काळजी करू नका. शूटिंग अकरा एप्रिलला आहे आणि खऱ्या जंगलात नाही, गावाला लागून असलेल्या तुकड्यात आहे. भोवती जाळी लावतील, परवानगीच्या अटीप्रमाणे वनरक्षक असतील, वरून ड्रोन फिरेल, डॉक्टर असेल. तीनशे माणसं आणि जनरेटर असताना दोन किलोमीटरवर ससाही थांबणार नाही. तो सेट आहे, जंगल नाही. उभ्या बाईची तिथे गरज नाही.

सगळं खरं ठेवलं तर पिक्चर उरत नाही, ताई. अश्वजितशी माझा हाच वाद होता. तो म्हणायचा, आहे तेवढंच दाखवू. मी म्हणायचो, मग लोक खिडकीतूनच बघतील ना, तिकीट कशाला काढतील?

मी शूटिंगला येऊ शकणार नाही. लिहिण्याचं काम संपलं असलं तरी इथे बरंच अडकलं आहे. सतरा तारखेलाही जमेल असं वाटत नाही. आईंना नमस्कार सांगा.

प्रफुल

०

कोसमटोला
२८ एप्रिल २०२४

प्रफुल, जयभीम.

शूटिंग झालं. तू लिहिलंस तसंच सगळं होतं. काही झालं नाही.

मी रजा टाकून पाहायला गेले होते. मोहफुलं त्या तुकड्यात कमी पडली होती, म्हणून त्यांनी पोत्यांतून फुलं आणून पसरली. काही खरी, काही रबराची. रुखमाबाईने एक उचलून वास घेतला आणि टाकून दिलं. बायकांना सगळ्यांना नवी लुगडी दिली, मातीच्या रंगाची. मग ती मळवायला एक माणूस होता. मोनाली म्हणाली, "माह्यं घरचं मळकंच हाय, तेच घालून आली असती ना."

चहा झाल्यावर सगळ्यांना वाकायला सांगितलं. रुखमाबाई वाकली आणि दोन मिनिटांनी सरळ झाली. भोंग्यातून आवाज आला, "अम्मा, झुकिए!" ती वाकली. पुन्हा सरळ झाली. असं पाच वेळा झालं. शेवटी ती ओरडली, "मी काऊन वाकू बाप्पा? मंग पाहीन कोण?" सगळे हसले. तुझे डायरेक्टरही हसले. ते खुर्चीवरून उठून आले आणि तिच्याकडे बघत राहिले. मी चार पावलांवर होते. ते म्हणाले, "ये खड़ी अच्छी लग रही है. रखो इसको." त्यावर कागद घेतलेली मुलगी म्हणाली, "सर, प्रफुल सर ने मना किया है. बोले थे, खड़ी औरत किसी हाल में फ्रेम में नहीं आनी चाहिए. तीन बार फोन करके बोले." ते म्हणाले, "अच्छा? तो ठीक है, राइटर की मर्ज़ी." मग रुखमाबाईला गाडीत नेऊन बसवलं आणि बिस्किटं दिली.

मला तू लिहिलं होतंस की डायरेक्टरांना ती नको आहे.

दुसरी गोष्ट. शूटिंगनंतर मोह अजून दहा-बारा दिवस पडत होता. दुसऱ्याच दिवशी मोनाली आणि तिच्या वयाच्या पोरी म्हणाल्या, "चाळीस जणी वाकल्या होतो, एकबी उभी नव्हती. काय झालं? काईच नाई." मी म्हणाले, तिथे जाळी होती, गाड्या होत्या. मोनाली म्हणाली, "पिच्चरवाले एवढे शिकेल लोक हायेत ताई, त्याईले समजत नसन का? उभी राहून फुकट एक टोपलं कमी होते." रुखमाबाई तरी रोज जाऊन उभी राहिली. नावं घेत राहिली. पोरी हो म्हणायच्या नाहीत, नुसत्या हसायच्या. परतताना तिच्या टोपल्यात कोणी ओंजळ टाकली नाही. पाचव्या दिवसापासून ती गेली नाही.

सतरा तारीख झाली. आईने खीर केली होती.

तीनदा फोन करून का सांगितलंस, ते कळव.

रिना

०

मुंबई
२० सप्टेंबर २०२४

ताई, जयभीम.

उत्तराला फार उशीर झाला. एडिटिंग चालू आहे. वेचणीचा भाग सगळ्या पिक्चरमध्ये सर्वांत सुंदर झाला आहे, ज्यांनी पाहिला ते सगळे असंच म्हणतात. मोनालीचा चेहरा एका ठिकाणी पडदाभर आहे, तिला सांगा. पिक्चर फेब्रुवारीत लागेल.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर कागदावर देण्यासारखं नाही. भेटल्यावर सांगेन.

प्रफुल

०

कोसमटोला
२६ फेब्रुवारी २०२५

प्रफुल, जयभीम.

तू भेटला नाहीस, पिक्चर लागला.

गावातून दोन गाड्या करून आम्ही चंद्रपूरला गेलो. आईला नेलं नाही. मला दोन पिक्चरमधला चांगला कोणता हे ठरवता येत नाही, तेवढी माझी समज नाही. जे वाटलं ते लिहिते.

मी एक मिनिटही झोपले नाही. आवाज पोटात वाजतो. जंगल वरून दाखवलं आहे तसं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मी तिथेच जन्मले. आमचं गाव आहे, झाडं आहेत, बायका आहेत, फक्त सगळं धुऊन काढल्यासारखं. कोणाला घाम नाही, कोणी डास मारत नाही. शेवटी अश्वजित बायकांना वाचवायला कुऱ्हाड घेऊन वाघावर जातो आणि मरतो. सगळं थिएटर रडलं. मीही रडले. घरी आल्यावर आठवलं की त्याने आयुष्यात कुऱ्हाड धरली नव्हती, सरपणसुद्धा मीच फोडायची.

वेचणीचा भाग आला. मोनाली पडदाभर दिसली तेव्हा आमच्या पोरी शिट्ट्या मारायला लागल्या. लहानूभाऊ ओरडले, "हे माही सून होय!" पुढच्या रांगेतला माणूस म्हणाला, "काका, सगळ्या चंद्रपुरात ऐकू गेलं." मग कॅमेरा वर गेला. चाळीस पाठी. मी मोजत होते. एकही ताठ नाही, एकही हाक नाही, नुसतं संगीत. मला बसवेना. मी खुर्चीतून कधी उठले ते कळलं नाही. मागचे "बसा ना बाई, दिसत नाई" म्हणून ओरडायला लागले. माझ्याकडे पाहून रुखमाबाई उठली. तो भाग संपेपर्यंत आम्ही दोघी उभ्याच होतो. मोनालीने माझा पदर ओढला, "ताई, लाज आणता का आम्हाले?"

आता मुद्द्याचं लिहिते. येत्या तीन आठवड्यांत मोह पडायला लागेल. पलीकडच्या गावाच्या हद्दीत माघात एक गुराखी गेला. वाघीण पिल्लांसह आहे, असं वनखात्याची माणसं सांगून गेली. आणि आमच्या गावात उभी राहायला कोणी तयार नाही. पोरी म्हणतात, पिक्चरमध्ये पाहिलं ना. रुखमाबाईला त्या आता 'अम्मा झुकिए' म्हणून हाक मारतात. मी सांगून पाहिलं. मी पोस्टातली बाई, कधी वेचायला गेले नाही, माझं कोण ऐकणार?

तुझं ऐकतील. पिक्चर लिहिणारा माणूस म्हणून तुला मान आहे. तू एक पत्र लिही, गावातल्या बायकांच्या नावाने. ती बाई पिक्चरपुरती काढली होती, जंगलात काढू नका, एवढंच. जास्त काही नको. मी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवीन. वीस मार्चच्या आत मला मिळालं पाहिजे. हवं तर स्पीड पोस्टने पाठव.

दुसरं काही मी आता विचारत नाही.

रिना

०

मुंबई
१२ मार्च २०२५

ताई, जयभीम.

हे पत्र बायकांसाठी आहे आणि तुमच्यासाठीही. पूर्ण वाचून दाखवा.

उभी बाई डायरेक्टरांनी काढली नाही. मी काढली. त्यात कलेचं काही नव्हतं.

सतरा एप्रिलला आम्ही दोघं परत आत गेलो, कारण अश्वजितला पडणारी फुलं जमिनीलगतून टिपायची होती. त्याने कॅमेरा पानांवर ठेवला आणि त्यामागे पालथा झाला. मला म्हणाला, "प्रफुल, तू उभा राय. नाव घेत राय माह्यं." मी उभा राहिलो. अश्वजित, हो. अश्वजित, हो. असं तीन-चार वेळा झालं. माझ्या कानाला हेडफोन होते. फुल पानावर पडतं तो आवाज इतका स्वच्छ मी तीन वर्षांत ऐकला नव्हता. त्याच्या 'हो'ने तो मोडत होता. मीच त्याला म्हणालो, "आता हो म्हणू नको, आवाज घेऊन राह्यलो." मग मी नाव घेणंही थांबवलं. मग माइक खाली धरायला मी बसलो. डोळे मिटले, म्हणजे नीट ऐकू येईल.

ते रेकॉर्डिंग चार मिनिटांचं आहे. शेवटचे काही सेकंद कापून मी ते 'बत्तीस सकाळी'च्या शेवटी लावलं. बक्षीस त्याच आवाजाला मिळालं.

वाघ मागून आला हे खरं आहे. काही करता आलं नसतं हे खरं नाही. मी उभा असतो तर दिसला असता.

त्यानंतर मला ती बाई पडद्यावर बघवेना. एडिटिंगला ती शंभर वेळा पाहिली, दर वेळी ती जागी आहे आणि मी बसलेलो आहे. मोठा पिक्चर लिहायला मिळाला तेव्हा पहिलं काम मी तिला काढण्याचं केलं. अश्वजितच्या हातात कुऱ्हाडही मीच दिली. तो लढून मेला असं सगळ्यांना दिसावं, म्हणजे कोणी विचारणार नाही की त्या दिवशी उभं कोण होतं.

बायकांना सांगा, माझ्या पिक्चरमधलं काही करू नका. रुखमाबाईंना उभं करा आणि त्यांच्या हाकेला हो म्हणा.

प्रफुल गुरनुले

०

कोसमटोला
७ एप्रिल २०२५

प्रफुल,

तुझं पत्र तीन एप्रिलला मिळालं.

मोनाली एक एप्रिलला गेली. सकाळी साडेसहाच्या सुमाराला. सात जणी होत्या, सातही वाकलेल्या. कोणी काही ऐकलं नाही. टोपली घेऊन निघायची वेळ झाली तेव्हा एकीच्या लक्षात आलं की मोनालीचं टोपलं आहे आणि मोनाली नाही. त्यांच्यातली ललिता म्हणाली, "आमाले वाटलं घरी गेली असन."

वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला. जंगलात जाऊ नका म्हणून सांगून गेली. तिचा नवरा मोबाइलवर पिक्चरमधला तिचा चेहरा लावतो, बंद करतो, पुन्हा लावतो.

पत्र मी लहानूभाऊंच्या अंगणात वाचलं, पाच तारखेला. गावातल्या जवळजवळ सगळ्या बायका होत्या. तू पूर्ण वाच म्हणालास म्हणून पूर्ण वाचलं. आईही बसली होती. हेडफोनपाशी मी कागद खाली ठेवला, तेव्हा पुढचं रुखमाबाईच्या नातीने वाचून पुरं केलं. कोणी तुला शिव्या दिल्या नाहीत. आई उठून आत गेली आणि मोनालीच्या सासूच्या हाताला धरून बसली. रात्री जेवताना मला एवढंच म्हणाली, "पोरगा तीन वर्षं एकटाच वागवत होता ते."

रुखमाबाई म्हणाली, "त्याचं काय घेऊन बसता? तो एक डाव बसला. तुमी तं रोज बसल्या."

लहानूभाऊंनी शेवटी एकच विचारलं. "हे पत्र चार दिस आगुदर काऊन नाई आलं बाई?"

तुझ्या पत्रावर बारा मार्च लिहिलं आहे. पाकिटावर मुंबईचा शिक्का सत्तावीस मार्चचा आहे. मी रोज शिक्के मारते, म्हणून माझी नजर आधी तिथेच जाते. पंधरा दिवस ते तुझ्या खिशात होतं की टेबलावर, ते मला माहीत नाही. वाचताना मी वरची तारीख वाचली नाही. पाकीट पदराखाली ठेवलं. लहानूभाऊंना म्हणाले, टपालाला उशीर होतो कधी कधी. नोकरीत पहिल्यांदा मी टपालावर खोटा आळ घेतला. तुझ्यासाठी घेतला की त्यांच्यासाठी, ते ठरवता येत नाही.

पुण्यानुमोदनाला येऊ नकोस असं मी म्हणत नाही. ये असंही लिहवत नाही. यंदा दोन नावं घ्यायची आहेत.

मोह अजून पडतो आहे. घरात पावसाळ्यापुरता तरी हवा, म्हणून आज पहाटे रुखमाबाई, ललिता आणि आणखी चौघी गेल्या. मी पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर गेले. निघताना कोणी विचारलं नाही आज उभी कोण. झाडाखाली पोचलो आणि सगळ्या झाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. रुखमाबाईने एकेकीचं नाव घेतलं, सगळ्यांनी हो म्हटलं. मग ती म्हणाली, "वाका आता, मी हावो ना." कोणी वाकलं नाही. तिने पुन्हा नावं घेतली. पुन्हा सगळ्यांनी हो म्हटलं. ऊन अंगावर येईपर्यंत आम्ही सात जणी तशाच उभ्या होतो. पायापाशी फुलं पडत होती. मग रिकामी टोपली घेऊन परत आलो.

रिना